क्ष²चं वर्गमूळ नेहमी क्ष नसतं

√(क्ष²) म्हणजे किती? शाळेत बीजगणित शिकलेला कोणीही पटकन ‘क्ष’ म्हणेल. आता क्षच्या जागी −३ घालून बघा. −३चा वर्ग ९ आणि √९ म्हणजे ३. आत गेले उणे तीन, बाहेर आले अधिक तीन! वर्ग करताना उणे चिन्ह पुसलं गेलं, आणि एकदा पुसलं की ९कडे बघून ते ओळखता येत नाही. ९ची वर्गमुळं दोन, ३ आणि −३. पण √ या चिन्हाने ऋण नसलेलंच मूळ घ्यायचं असा संकेत आहे. म्हणून खरं उत्तर |क्ष|, म्हणजे क्षचं केवलमूल्य: उणे चिन्ह असेल तर ते काढून उरणारी किंमत.

करणीला, म्हणजे √ चिन्हाखालच्या राशीला, सोपं रूप देताना राशीची किंमत बदलता कामा नये. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, आणि शिकवताना नेमकी हीच गोष्ट घाईत निसटते.

√(७२क्ष⁵य²) हे उदाहरण घेऊ. वर्गमुळात प्रत्येक जोडीमागे एक जण बाहेर येतो, एकटा उरलेला आतच राहतो. ७२ म्हणजे ३६ × २, तेव्हा ६ बाहेर, २ आत. पाच क्षंच्या दोन जोड्या आणि एक शिल्लक, म्हणून क्ष² बाहेर, क्ष आत. यची एकच जोडी. उत्तर ६क्ष²|य|√(२क्ष).

यला उभ्या रेघा लागल्या, मग क्ष²ला का नाहीत? कारण वास्तव संख्येचा वर्ग ऋण होतच नाही. य मात्र ऋण असू शकतो, आणि य² त्याचा पत्ता लागू देत नाही. याच न्यायाने √(क्ष⁸) = क्ष⁴, पण √(क्ष⁶) = |क्ष³|. आतला घातांक सम आणि बाहेर आलेला विषम असला की सावध व्हायचं. घनमुळात ही भानगड नाही: −८चं घनमूळ −२, चिन्ह जसंच्या तसं.

पुस्तकातल्या गणितांवर बरेचदा ‘सर्व चले धन आहेत’ अशी ओळ असते. ती असली की रेघांची गरज उरत नाही. म्हणून ती ओळ आधी वाचावी.

√ हे चिन्ह क्रिस्टोफ रुडोल्फ यांच्या १५२५च्या जर्मन बीजगणितात छापलं गेलं. केवलमूल्याच्या उभ्या रेघा जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांनी वापरल्या त्या १८४१मध्ये, तीनशेहून अधिक वर्षांनी.

बेरजेशी गाठ पडली की आणखी जपावं लागतं. √(क्ष²+९) म्हणजे क्ष+३ नव्हे; क्ष = ४ घातलं तर डावीकडे √२५, म्हणजे ५, उजवीकडे ७. √(क्ष²−६क्ष+९) मात्र सुटतं, कारण आत (क्ष−३)² दडलेला आहे. उत्तर |क्ष−३|. क्ष = १ घाला: आत ४, वर्गमूळ २. रेघा गाळल्या असत्या, तर −२ आलं असतं.