गॅसचा फुगा: हेलियम की हायड्रोजन?

"आटे घासलेत मामा, बसतच नाही," भाचा म्हणाला. रेग्युलेटरचा नट सिलिंडरच्या तोंडावर टेकवून तो चार वेळा फिरवून झाला होता आणि दर वेळी नट सुटून हातात येत होता. मी चष्मा लावून वाकलो. आटे घासले नव्हते, उलटे होते. सिलिंडरला तपकिरी रंग फासलेला, पण तळाशी घासटून रंग उडाला होता तिथे खालचा लाल रंग दिसत होता.

गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या बांधावर सकाळचे साडेसहा वाजले होते. आम्हाला खाजनाचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताचा, फोटो वरून हवा होता. मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) बाजूने बांधाला कुठेतरी भोक पडलंय, खारं पाणी शेतात शिरतंय, एवढं कळत होतं. नेमकं कुठून, ते जमिनीवर उभं राहून कळत नव्हतं. ड्रोन परवडणारा नव्हता. म्हणून घरगुती फुगा, त्याला दोरी, दोरीला कॅमेरा. हेलियमचा म्हणून हा सिलिंडर आणला आणि रायबंदरहून फेरीबोटीत वीसेक स्कूटरींच्या मध्ये उभा करून इथवर पोचवला.

लाल रंग आणि उलटे आटे म्हणजे आत हायड्रोजन. पुरवणाऱ्याला तिथूनच फोन केला. तो जराही गडबडला नाही. "गॅस तोच हो बाब. फुगा वर गेल्याशी मतलब."

त्याचं वाक्य निम्मं खरं आहे, आणि तिथेच माणूस फसतो. जत्रेत खाज्याच्या दुकानांजवळ मिळतो तो गॅसचा फुगा आणि वाढदिवसाच्या हॉलमध्ये छताला टेकलेला असतो तो, दोन्हींना आपण हल्ली सर्रास हेलियमचा फुगा म्हणतो. दोन्ही वर जातात, दोन्हींच्या आतला गॅस दिसत नाही, दोन्हींना वास नाही. पण जत्रेतल्या फुग्यात बहुतेक वेळा हायड्रोजन असतो.

आधी वर जाण्याचं बघू, कारण हायड्रोजनची वकिली इथूनच सुरू होते. "हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, म्हणजे दुप्पट उचलणार ना?" हे मी भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलंय. वजन निम्मं हे बरोबर. पण फुग्याला गॅस उचलत नाही, बाहेरची हवा उचलते. फुग्याने जेवढी जागा अडवली, तेवढ्या हवेचं वजन वजा आतल्या गॅसचं वजन, ही उचल. हवेचा रेणू सरासरी 29 धरा, हेलियम 4, हायड्रोजन 2. मग 29 वजा 4 म्हणजे 25, आणि 29 वजा 2 म्हणजे 27. पंचवीस आणि सत्तावीस! फरक आठ टक्क्यांचा. दुप्पट वगैरे काही नाही.

गोव्याच्या तीस अंश तापमानाला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. (पुस्तकात याहून थोडा मोठा आकडा सापडेल, तो थंड हवेचा असतो. आपली हवा गरम आणि दमट, म्हणून थोडी हलकी, म्हणून उचलही थोडी कमी.) आमचा फुगा हवामान खात्याचे सोडतात त्या जातीचा, रबरी, फुगवल्यावर दीड मीटर व्यासाचा. त्यात पावणेदोन घनमीटरच्या आसपास गॅस मावतो, म्हणजे पावणेदोन किलोची उचल. त्यातून फुग्याच्या रबराचे तीनशे ग्रॅम गेले. कॅमेरा, त्याची बॅटरी आणि कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं घर मिळून साडेतीनशे. एकशेवीस मीटर दोरीचे दीडशे. उरले साडेनऊशे ग्रॅम. ही उरलेली ओढ कमी पडली की फुगा वर जातो खरा, पण वाऱ्याची पहिली झुळूक आली की आडवा होतो.

आता याच फुग्यात हायड्रोजन भरला असता तर? एकशेचाळीस ग्रॅम जास्त मिळाले असते. एका मोठ्या कांद्याएवढे. तेवढीच उचल हेलियममध्ये हवी असेल तर फुगा दीड मीटरऐवजी एक मीटर चोपन्न सेंटिमीटरचा फुगवायचा. चार सेंटिमीटर! ज्या फायद्यासाठी लोक हायड्रोजनचं नाव घेतात, तो या चार सेंटिमीटरमध्ये संपतो. बाकी उरतो तो पैशाचा फायदा, आणि तो खरा आहे. हेलियम काही ठरावीक ठिकाणच्या नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून निघतो, आपल्याकडे जवळपास सगळा बाहेरून येतो, आणि हवेत सुटला की परत मिळत नाही. हायड्रोजन पाण्यापासूनही करता येतो.

किंवा कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्यांपासून. रस्त्यावरचे अनेक फुगेवाले हेच करतात. एखाद्या जुन्या सिलिंडरमध्ये कॉस्टिक, पाणी आणि ॲल्युमिनियमचा भंगार. आत रासायनिक क्रिया होते, उष्णता वाढते, दाब वाढतो. त्या दाबावर कुणाचा ताबा नसतो आणि सिलिंडरचा पत्रा आतून कॉस्टिकने खाल्लेला असतो. फुगेवाल्याचा सिलिंडर फुटल्याच्या बातम्या अधूनमधून वाचतो, त्या याच. बातमीत मात्र पुष्कळदा "हेलियमचा सिलिंडर फुटला" असं छापलेलं असतं. दाबाखालचा कुठलाही सिलिंडर आपटला तर घातक असतो, हेलियमचाही. पण हेलियम पेटत नाही, काहीही केलं तरी नाही. तो कुणाशी संयोगच करत नाही.

हायड्रोजनचं तसं नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेत दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या मध्ये असला तरच पेटतो. त्याहून कमी किंवा जास्त असला तर नाही. हायड्रोजनची हीच मर्यादा चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत आहे, म्हणजे गळती थोडी असो की भरपूर, बहुतेक वेळा तो पेटायच्या तयारीतच असतो. त्याला ठिणगी किती लागते? एका मिलीज्यूलचा पन्नासावा भाग. नायलॉनचं जॅकेट काढताना चटकन जी ठिणगी बसते, ती याच्या कितीतरी पट मोठी. रबरी फुगा हातांनी सावरताना घर्षणाने वीज साठतेच. शिवाय त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. आमच्या त्या बेतात फुग्याच्या बरोबर खाली लिथियमची बॅटरी लटकणार होती आणि दोरी धरून भाचा उभा राहणार होता.

सिलिंडर परत फेरीबोटीने गेला. या वेळी मला त्याच्याजवळ उभं राहवेना, आणि बोटीत कुणी विडी काढतंय का तेवढंच मी बघत राहिलो.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात लोकप्रिय परीक्षा आवाजाची: फुग्यातला गॅस ओढायचा, आवाज चिरका झाला की हेलियम. ही परीक्षा साफ चुकीची. हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास धावतो, हेलियममध्ये हजारच्या, हायड्रोजनमध्ये तेराशेच्या. म्हणजे हायड्रोजननेही आवाज चिरका होणारच. वर छातीत ज्वालाग्राही गॅस भरून घेतला तो वेगळाच. आणि शुद्ध हेलियम असला तरी त्यात प्राणवायू नसतो. सिलिंडरच्या तोंडाला तोंड लावून ओढणाऱ्यांची फुप्फुसं फाटलेली आहेत. काडी लावून बघण्याची परीक्षा सुचवणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

भरवशाच्या खुणा सिलिंडरवर असतात. आपल्या मानकाप्रमाणे हायड्रोजनचा सिलिंडर लाल, हेलियमचा तपकिरी. रंग फासता येतो, हे आम्ही पाहिलंच. आटे मात्र फासता येत नाहीत. पेटणाऱ्या गॅसच्या व्हॉल्व्हला उलटे आटे असतात, न पेटणाऱ्याला सरळ, मुद्दाम, म्हणजे एकाचा रेग्युलेटर चुकून दुसऱ्यावर बसू नये. उलट्या आट्यांच्या नटाच्या कोपऱ्यांवर बारीक खाचही पाडलेली असते. अंधारात नख फिरवलं तरी लागते. म्हणून रेग्युलेटर बसत नाही असं दिसलं की टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका आणि कुणी "हा अडॅप्टर लावा" म्हणालं तर तो घेऊ नका. तो नट तुम्हाला काहीतरी सांगत असतो. घरी केलेल्या, खुणाच नसलेल्या सिलिंडरजवळ तर थांबूच नका.

हेलियमबद्दल आपल्या भागात आणखी एक गोंधळ आहे, तो विजयदुर्गाचा. हेलियमचा शोध तिथे लागला असं सिंधुदुर्गापासून पणजीपर्यंत पुष्कळजण सांगतात, किल्ल्यातले, ग्रहण बघायला बांधलेले साहेबाचे ओटेही दाखवतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट (प्रकाशातले रंग सुटे करून दिसणारा पट्टा) पाहिला, तो गुंटूरहून. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी न जुळणारी पिवळी रेषा पाहिली, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो हाती लागला 1895 मध्ये, विल्यम रॅमझींच्या प्रयोगशाळेत. लॉकियर विजयदुर्गला आले, पण 1898 च्या ग्रहणासाठी. ओट्यांचा अभिमान ठेवायला माझी हरकत नाही, तारीख तेवढी दुरुस्त करावी.

फुग्यातला गॅस आणि कॅमेरा यांचं भांडण मात्र त्याहूनही जुनं. 1858 मध्ये पॅरिसजवळ नादार हे छायाचित्रकार दोरीने बांधलेल्या फुग्यातून वर गेले आणि त्यांच्या फोटोच्या काचा पुन्हा पुन्हा काळवंडल्या. फुग्याच्या तोंडातून झिरपणारा गॅस त्यांची रसायनं नासवत होता. तोंड बंद ठेवून वर गेले तेव्हा कुठे चित्र उमटलं.

आमचा खरा हेलियम आठवड्याने आला, दुसऱ्या पुरवठादाराकडून. या वेळी भाच्याने आधी आटे बघितले आणि मग पैसे दिले. एकदा हेलियमचा फुगा भरला की पुढचं काय करायचं ते भरभर सांगतो. फुग्याचं तोंड दुमडून कापडी पट्टीने आवळायचं. थेट दोरीने बांधलं तर रबर चिरतं. दोरी विणलेली नायलॉनची घ्या. तंगूस (मासे गळाला लावायची प्लॅस्टिकची दोरी) हलकी आणि स्वस्त, पण ओढ बसली की तळहात कापते. आसारी (दोरी गुंडाळायची फिरकी) मोठी घ्या आणि हातमोजे घाला. कॅमेरा फुग्याच्या पाच-सहा मीटर खाली बांधा, म्हणजे फुग्याची थरथर त्याच्यापर्यंत कमी पोचते. दर पाच सेकंदांना एक फोटो लावून ठेवा. शंभरातले दहा सरळ निघाले तरी आनंद माना.

वाऱ्याला मात्र हलकं घेऊ नका. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वाऱ्याने दीड मीटरच्या गोल फुग्यावर ढोबळ हिशेबाने चारशे ग्रॅमची ढकल बसते. वारा दुप्पट झाला की ढकल चौपट, म्हणजे आमच्या साडेनऊशे ग्रॅमच्या ओढीच्या पुढे, आणि फुगा नदीकडे झोपतो. आपल्याकडे समुद्रावरचा वारा ऊन चढलं की सुरू होतो. म्हणून साडेसहा ते नऊ, पुढे नाही. रोज दहानंतर वारा असेल तर फुग्याचा नाद सोडून पतंग घ्या. तो वाऱ्यावरच उभा राहतो आणि त्याला गॅसही लागत नाही. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं तेव्हा तिथल्या रहिवाशांनी किनाऱ्याचे फोटो काढले ते फुग्यांनी आणि पतंगांनी, दोन्हींनी.

चंदेरी कागदी फुगे गॅस जास्त दिवस धरतात हे खरं, पण त्यांच्यावर धातूचा मुलामा असतो आणि आपल्या गावांवरून विजेच्या तारा कशा गेल्यात ते तुम्ही जाणताच. किनाऱ्यावर, विशेषतः मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात तिथे, फुगा सुटून फाटण्याची शक्यता असेल तर उडवूच नका. दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ, त्यातला दाबोळीचा नौदलाचा. "ड्रोन नाही, नुसता फुगा आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. आम्ही पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारलं, उत्तर हातात येईपर्यंत थांबलो.

भाच्याने शेवटी विचारलंच, थोडा हायड्रोजन हेलियममध्ये मिसळून पैसे वाचवले तर? घरी करायचं म्हटलं तर नाही. किती मिसळला की मिश्रण पेटणार नाही हे मोजायला आपल्याकडे काही नसतं, आणि वाचणार ते थोडेच पैसे. नऊला आम्ही फुगा खाली ओढला, उरलेला हेलियम त्यातच ठेवून तो टेम्पोत दाबून बसवला, आणि लॅपटॉप उघडून बघितलं तर मानशीपासून वीस पावलांवर, खेकड्यांनी पोखरलेल्या जागी, पाण्याची गडद जीभ शेतात आलेली होती. बांधावरून आम्ही दोघं त्याच जागेवरून तीन वेळा चालत गेलो होतो.