डिग्री, फॅट आणि नायट्रोजन

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर प्रयोगशाळेचं काम पडत नाही. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली आणि फेसाळ पेला थेट हातात. भेसळीला मध्ये जागाच नाही. पण जिल्ह्याचं बहुतेक दूध या वाटेनं जात नाही. १९६३ मध्ये जिल्हा सहकारी दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला. वारणा खोऱ्यातही सहकारी संघ आला आणि गावोगावच्या संस्थांपुढं सकाळ-संध्याकाळ किटल्यांच्या रांगा लागल्या. म्हैस नजरेआड गेली, की दूध मोजूनच घ्यावं लागतं. ‘फॅट किती लागली, डिग्री किती?’ ही त्या रांगेतली भाषा.

डिग्री लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीची. पाणी घातलं की दूध पातळ होतं, आकडा उतरतो. मग पाण्याबरोबर साखर, मीठ किंवा युरिया घालून तो परत वर आणायचा, ही पळवाट निघाली. फॅटचं माप स्विस रसायनतज्ज्ञ निक्लाउस गर्बर यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बसवून दिलं. बुटिरोमीटरच्या नळीत गंधकाम्ल, १०.७५ मिलीलिटर दूध आणि थोडं अमाइल अल्कोहोल घालून फिरवायचं, की स्निग्धांश वर येऊन रेघांवर वाचता येतो. यात प्रथिनाचा वेगळा आकडा कुठंच नाही. ते ‘एसएनएफ’मध्ये, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेल्या घन पदार्थांत, जमेला धरलेलं असतं. आपल्याकडचा युरिया मुख्यतः हा एसएनएफ फुगवायला आला, ही गोष्ट पुढं कामाला येईल.

प्रथिन मोजायची रीत दुधासाठी निघालेलीच नव्हती. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांना धान्यातली प्रथिनं मोजायची होती. १८८३ मध्ये त्यांनी पद्धत जाहीर केली: नमुना तीव्र गंधकाम्लात उकळून विरघळवायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो वाफेवाटे वेगळा काढायचा आणि तो किती निघाला हे आम्लानं मोजायचं. दुधासाठी आलेल्या आकड्याला ६.३८ नं गुणायचं, की प्रथिन मिळतं. पद्धत इतकी भरवशाची, की आजही बाकीची यंत्रं हिच्यावर पडताळून घेतात. खोट एकच: ती नायट्रोजन मोजते, प्रथिन गृहीत धरते. नायट्रोजन कुठून आला, हे तिला कळत नाही.

ही खोट चीनमध्ये २००८ साली सगळ्या जगाला दिसली. तिथं दूध संकलनात प्रथिनाचा आकडा तपासला जात होता. पाणी घातलेल्या दुधाचा आकडा सावरायला त्यात मेलामाइन मिसळलं गेलं. हे प्लास्टिकच्या ताटवाट्या बनवायच्या धंद्यातलं रसायन. त्याचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन, त्यामुळं १ ग्रॅम मेलामाइन केल्डालच्या हिशेबात सव्वाचार ग्रॅम प्रथिन म्हणून वाचलं जातं. युरियाचा ग्रॅम तीनच्या आसपास. बाळांच्या दूध पावडरीतून ते पोटात गेलं, मूत्रपिंडात खडे झाले. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, ६ दगावली. सानलू कंपनीच्या पावडरीच्या एका नमुन्यात किलोमागं २,५६३ मिलिग्रॅम मेलामाइन निघालं. खरं तर इशारा आधीच मिळाला होता. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात हेच रसायन सापडलं होतं, पण दुधाकडं कुणी वळून पाहिलं नाही.

भारतानं २००८ मध्येच चिनी दुग्धजन्य पदार्थांची आयात बंद केली. २०१० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेनं मेलामाइनच्या मर्यादा ठरवल्या: बाळांच्या पावडरीत किलोला १ मिलिग्रॅम, इतर अन्नात २.५. एवढं बारीक शोधायला केल्डालची नळी कामाची नाही. त्याला क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची महागडी यंत्रं लागतात.

युरियाचं तसं नाही. डीएमएबी हे रसायन टाकलं की भेसळीचं दूध गडद पिवळं होतं. घरी तूर किंवा सोयाबीनचं पीठ दुधात हलवून तांबडा लिटमस बुडवला तरी चालतं. पिठातलं युरियेज नावाचं एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं आणि कागद निळा होतो. मात्र थोडा युरिया दुधात मुळातच असतो, जनावराच्या चाऱ्यानुसार कमी-जास्त. म्हणून मर्यादा १०० मिलीलिटरला ७० मिलिग्रॅम आहे. फिकट पिवळा रंग दिसला म्हणून दूधवाल्याशी भांडायला उठू नये.

केल्डालची खोट भरून काढायची रीतही आहे. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घातलं, की खरी प्रथिनं साकळून खाली बसतात. युरिया, मेलामाइन यांचा नायट्रोजन गाळलेल्या पाण्यात राहतो. तो वजा केला, की खरं प्रथिन हाती येतं. काम थोडं वाढतं, इतकंच.

आता कोल्हापुरात हा प्रश्न किटलीपेक्षा डब्यात जास्त आहे, असं माझं मत. खासबागच्या मातीत १९१२ पासून कुस्त्या होतायत, तेव्हापासूनचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. आता तालमीच्या शेजारी जिम आणि जिमच्या फळीवर व्हे प्रोटीन पावडरचा डबा. किटलीचा भाव फॅट-एसएनएफवर ठरतो. डब्याचा भाव मात्र थेट प्रथिनाच्या आकड्यावर. त्यामुळं इथली चलाखीही प्रथिनाचीच: ग्लायसिन, टॉरिन अशी नायट्रोजन असलेली स्वस्त द्रव्यं पावडरीत मिसळायची. ती मेलामाइनसारखी विषारी नाहीत, म्हणून गवगवाही होत नाही. पण १ ग्रॅम ग्लायसिन केल्डालमध्ये जवळपास १.२ ग्रॅम प्रथिन दाखवतं. डब्यावर ‘२४ ग्रॅम’ छापलेलं असलं, तरी ते एकूण नायट्रोजनवरून काढलंय की खरं प्रथिन मोजून, हे त्या छापील आकड्यावरून ओळखता येत नाही.