डेव्हिस विद्यापीठातील पर्यावरणीय शाश्वतता

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ या सरकारी विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेने ऊर्जा, वाहतूक, कचरा व इमारती यांबाबत राबवलेले उपक्रम. कॅलिफोर्निया राज्याची राजधानी सॅक्रामेंटो हिच्या पश्चिमेला सुमारे ५,३०० एकरांवर पसरलेली ही शाखा बर्कलीच्या शाखेला जोडलेली शेती म्हणून सुरू झाली आणि १९५९ मध्ये स्वतंत्र झाली. इथले बरेच उपक्रम या शेतीच्या वारशातूनच आलेले दिसतात. विद्यापीठांची पर्यावरणविषयक कामगिरी मोजणाऱ्या ग्रीनमेट्रिक या जागतिक क्रमवारीत २०१६ मध्ये डेव्हिस पहिले आले होते. मात्र अशा क्रमवाऱ्या विद्यापीठांनी स्वतः पुरवलेल्या माहितीवर ठरतात, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

वाहतुकीतील यशाचे मोठे श्रेय सपाट जमिनीला द्यावे लागते. १९६० च्या दशकात कुलप्रमुख एमिल म्राक यांनी आवाराची आखणी सायकलस्वारांना धरून करायला लावली. पुढे आवाराचा मध्यभाग मोटारींना बंद झाला आणि सायकलींच्या गर्दीसाठी चौकाचौकांत छोटी वर्तुळे बांधावी लागली. १९६७ मध्ये डेव्हिस शहराने सायकलींसाठी रस्त्यावर वेगळ्या मार्गिका आखल्या. अमेरिकेतील अशा पहिल्या मार्गिका त्याच मानल्या जातात. विद्यार्थी संघटनेने १९६८ मध्ये लंडनहून आणलेल्या दोन जुन्या दुमजली बसगाड्यांवर ‘युनिट्रान्स’ ही सेवा सुरू केली. तिचे चालक आजही प्रामुख्याने विद्यार्थीच असतात.

‘वेस्ट व्हिलेज’ ही विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठीची वसाहत २०११ मध्ये खुली झाली. वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरायची तेवढी तिथल्या तिथे सौर पटलांतून निर्माण करायची, असा तिचा संकल्प होता. पहिल्या मोजणीत हे प्रमाण ८७ टक्के भरले. विजेचा वापर अंदाजापेक्षा जास्त निघाला होता. आकडा झाकून न ठेवता जाहीर केला गेला, ही गोष्ट अशा प्रकल्पांत दुर्मीळच. २०१५ मध्ये आवाराच्या दक्षिणेकडे ६२ एकरांवर १६.३ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. आवाराच्या विजेच्या सुमारे १४ टक्के गरज तो भागवील, असा हिशेब होता.

कचऱ्यासाठी २०१४ मध्ये जैववायू संयंत्र सुरू झाले. प्राध्यापक रुईहाँग झांग यांनी विद्यापीठातच विकसित केलेल्या तंत्रावर ते आधारलेले आहे. रोज ५० टन खरकटे, पालापाचोळा व जनावरांचे शेण पचवण्याची त्याची क्षमता ठेवली होती. जागा निवडली ती आवारातल्या बंद पडलेल्या कचरा डेपोची, त्यामुळे डेपोतून निघणारा मिथेनही वीजनिर्मितीच्या कामी आला.

खरी अडचण विजेची नाही, उष्णतेची आहे. वीज बाहेरून स्वच्छ घेता येते. प्रयोगशाळा, वर्ग आणि वसतिगृहे तापवणारी उष्णता मात्र दशकानुदशके नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरांतून येत राहिली. तिथे तयार झालेली वाफ जमिनीखालच्या नळांतून दूरवर न्यायची म्हणजे वाटेत बरीच उष्णता वाया जाते, आणि जुने नळ गळतात ते निराळेच. यावर ‘बिग शिफ्ट’ नावाचा उपक्रम हाती घेतला गेला. त्यात वाफेऐवजी कमी तापमानाचे गरम पाणी खेळवले जाते. डेव्हिसचा उन्हाळा कडक असल्याने इमारतींतून सतत उष्णता बाहेर काढावी लागते, पण त्याच वेळी प्रयोगशाळांना गरम पाणीही लागते. शीतकरण यंत्रांनी खेचलेली ही उष्णता हवेत न सोडता गरम पाण्याच्या नळांत वळवली, की वायू कमी जाळावा लागतो. वाफेच्या तापमानाला ही युक्ती चालत नाही, म्हणून नळांपासूनच बदल करावा लागला. रस्ते खोदून आणि इमारतींतली जोडणी बदलून टप्प्याटप्प्याने चालणारे हे काम अत्यंत खर्चिक आहे. लोकांना दाखवण्यासारखे त्यात काही नसते. तरी वरील सर्व उपक्रमांत वजनदार हाच मानावा लागेल.

वायूवरच्या या अवलंबनाचा परिणाम धोरणावरही झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये सर्व दहा शाखांसाठी २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याची, म्हणजे स्वतःच्या कार्बन उत्सर्जनाची पूर्ण भरपाई करण्याची, घोषणा केली होती. बॉयलर चालूच राहणार असल्याने ते साधण्यासाठी इतरत्र झालेल्या कार्बन-बचतीची प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागली असती, आणि त्यावर प्राध्यापक व विद्यार्थी यांनी कडक टीका केली. २०२३ मध्ये धोरण बदलले. आता २०१९ च्या तुलनेत २०४५ पर्यंत उत्सर्जन प्रत्यक्षात ९० टक्क्यांनी घटवायचे आहे. मुदत वीस वर्षांनी लांबली, पण विकतच्या बचतीवरचा भर कमी झाला.