'वरच्या भागाला दुखापत' : एनएचएलमधल्या मौनामागचा इतिहास

उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल), खेळाडू जायबंदी झाला की संघ बहुतेक वेळा एवढंच सांगतो : 'शरीराच्या वरच्या भागाला दुखापत' किंवा 'खालच्या भागाला दुखापत'. मनगट, बरगडी की मेंदू, हे चाहत्यांना कळत नाही.

यामागचं मूळ कारण खरं आहे. या खेळात अंगावर धडक मारणं नियमात बसतं आणि प्रत्येकाच्या हातात काठी असते. मनगट दुखावलंय हे कळलं की प्रतिस्पर्ध्याचा फटका नेमका तिथेच बसतो. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, एकाच संघाशी 7 सामन्यांपर्यंत गाठ पडते, त्यामुळे तेव्हा तोंडं आणखी घट्ट मिटतात.

दुखणं गिळून खेळण्याचा गौरव त्याहून जुना. 23 एप्रिल 1964 रोजी, स्टॅनले कप म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात टोरांटोचा बचावपटू बॉबी बॉन याच्या पायावर पक (खेळाची रबरी चकती) आदळला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. पाय बधिर करून तो परतला आणि जादा वेळेत त्यानेच विजयी गोल केला. सातवा सामनाही तो खेळला, टोरांटो जिंकलं. हाड मोडल्याचं निदान त्यानंतर झालं. 2013 च्या अंतिम मालिकेत बोस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनबद्दल प्रशिक्षक क्लोद ज्युलियन नुसतं 'शरीराला दुखापत' एवढंच म्हणाले होते. मालिका संपल्यावर समजलं : मोडलेली बरगडी, निखळलेला खांदा, छिद्र पडलेलं फुप्फुस.

2008 मध्ये लीगने हे मौन धोरणातच बसवलं. दुखापतीचं स्वरूप सांगण्याचं बंधन संघांवर नाही; खोटं सांगायला मात्र मनाई आहे.

अमेरिकन फुटबॉलची वाट वेगळी, कारण तिथे सट्ट्याने आधी हात पोळले होते. 1946 च्या अंतिम सामन्याआधी न्यूयॉर्क जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचं उघड झालं आणि 1947 मध्ये तिथल्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनएफएलचे आयुक्त बर्ट बेल यांनी जखमी खेळाडूंची यादी जाहीर करणं सक्तीचं केलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याचा मार्ग राज्यांना मोकळा केला, त्याच वर्षी एनएचएलने एमजीएम रिसॉर्ट्स या कॅसिनो आणि सट्ट्याच्या कंपनीशी करार केला. तरी एनएचएलचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी दुखापतींचं धोरण बदललं नाही. सट्टेबाजांच्या सोयीसाठी खेळाडूचं शरीर उघडं करावं, असं मलाही वाटत नाही.

पण मेंदूची दुखापत 'वरच्या भागात' दडवणं मला अजिबात पटत नाही. जानेवारी 2011 मध्ये पाच दिवसांत दोनदा डोक्याला मार बसल्यावर पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी तो उरलेला हंगाम खेळू शकला नाही. सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गमध्ये डॉक्टरांना शेजारी बसवून तो पत्रकारांशी बोलला. खेळातल्या सर्वांत मोठ्या नावाने कन्कशनबद्दल (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या दुखापतीबद्दल) इतकं मोकळं बोलणं ही मोठी गोष्ट होती. 2013 पासून माजी खेळाडूंनी लीगवर खटले भरले. डोक्यावरच्या माराचे दूरगामी धोके आपल्यापासून लपवले गेले, हा त्यांचा आरोप होता. 2018 मध्ये सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरवर तडजोड झाली. लीगने जबाबदारी मान्य केली नाही.

2020 मध्ये कोविडनंतर खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा संघ फक्त 'खेळण्यास अयोग्य' म्हणत. पुढच्या हंगामात मात्र कोविड नियमांमुळे बाहेर बसलेल्या खेळाडूंची नावं लीग स्वतःच रोज जाहीर करू लागली. मोडलेल्या हाडांसाठी आणि कन्कशनसाठी जुनाच नियम राहिला.