बटाटा हे नाव मुळात रताळ्याचं

आमच्या शेजारच्या गुजराती काकूंना एकदा सांगितलं, मार्केटात जाताय तर माझ्यासाठी अर्धा किलो रताळी आणा, तर त्या चक्क कोनफळ घेऊन आल्या आणि वर म्हणतात, हेच तर रताळू, उंधियोत घालतात ते. मला वाटलं गडबड काकूंची झालीये. पण शोधत बसलो तर भलतंच निघालं.

आधी बटाटा. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तो त्यांचाही नाही. 1492 ला कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथे ताइनो लोक राहायचे आणि ते ज्याला बताता म्हणायचे ते होतं आपलं रताळं! बटाटा तिथे नव्हताच, तो पार दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरात पिकायचा आणि तिकडच्या केचुआ भाषेत त्याचं नाव पापा. स्पेनमध्ये रताळं आधी गेलं, बटाटा नंतर, दोन्ही जमिनीखालचे, मग काय, बताता आणि पापाची खिचडी होऊन पाताता झालं, त्यातूनच इंग्रजांचं पोटॅटो. पुढे नाव बटाट्यालाच चिकटलं आणि मूळ मालकाला 'स्वीट' लावून फिरायची वेळ आली. पेरू-मेक्सिकोत मात्र बटाट्याला अजूनही पापाच म्हणतात.

बरं, दोघं जवळच्या नात्यातलेही नाहीत. बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला, आणि आपण खातो ते त्याचं फुगलेलं खोड, म्हणून तर त्याला डोळे असतात. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ, आणि त्याचा वेल मॉर्निंग ग्लोरीचा भाऊबंद, फूल बघितलं की लगेच पटतं. शास्त्रीय नावात तेवढा न्याय झालाय, रताळ्याचं नाव आयपोमिया बटाटास. (दोघंही परदेशी, तरी उपवासाला चालतात, हे एक भारीच आहे.)

आता रताळू. संस्कृतात आलु म्हणजे खायचा कंद, हिंदीतला आलू त्यातलाच. रक्तालु म्हणजे लालसर कंद, आणि संस्कृत कोशात तो कोनफळाच्या जातीचा कंद आहे. गुजरातीने ते नाव कोनफळाकडेच ठेवलं, आपण ते अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याला देऊन टाकलं. म्हणजे काकू बरोबर होत्या.

त्यांना हे सगळं जाऊन सांगितलं. म्हणाल्या, मग कोनफळाचे पैसे दे.