बॅकअप सेल (जुने गेम कन्सोल)

बॅकअप सेल : घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल बंद असताना त्यातले घड्याळ, आणि काही यंत्रांत भाषा, आवाज, पडद्याचा आकार अशा सेटिंगही, टिकवून धरणारा छोटा चपटा सेल. तो संपला की यंत्र चालू करताना दर वेळी तारीख नि भाषा नव्याने मागते. खेळ मात्र नेहमीसारखा चालतो. ‘दरवेळी तारीख मागतंय बघा’ एवढ्या तक्रारीवर ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून चांगले यंत्र भंगारात घालायला लावणारे भेटतात. दोष बहुधा या सेलचाच असतो.

बहुतेक कन्सोलांत सीआर२०३२ हा लिथियम सेल असतो : व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी, दाब ३ व्होल्ट. संगणकाच्या मदरबोर्डवरही हाच बसतो. त्यामुळे कोल्हापुरात गेम दुरुस्त करणारा सापडला नाही, तरी राजारामपुरीतल्या एखाद्या संगणक दुरुस्तीवाल्याला ‘सीमॉस सेल बदलायचाय’ म्हटले की काम कळते. नुसता सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटरवर (विद्युतदाब मोजायच्या उपकरणावर) नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. अडीचच्या आसपास उतरलेला बदलून टाकावा.

सेल गेल्यावर नेमके काय पुसले जाते, हे यंत्रागणिक वेगळे. सेगा सॅटर्नमध्ये (१९९४) ३२ किलोबाइटची आतली स्मृतीच या सेलवर जगते. तिथे सेटिंगबरोबर सेव्ह केलेले गेमही जातात. म्हणून सेल अजून तग धरून असेल, तर आधी हे सेव्ह केलेले गेम यंत्राच्या खाचेत बसणाऱ्या मेमरी कार्ट्रिजवर उतरवून घ्यावेत. बदलणे सोपे आहे, मागचे झाकण काढले की सेल समोरच दिसतो. ड्रीमकास्ट (१९९८) आणि प्लेस्टेशन २ (२०००) यांचे सेव्ह वेगळ्या मेमरी कार्डांवर असतात आणि त्यांना वीज लागत नाही. प्लेस्टेशन २ वर तारीख शाबूत पण गेम गायब, अशी तक्रार असेल तर सेलला हात लावू नये. कार्डाचे टोक पुसून पाहावे, दुसऱ्या खाचेत लावून पाहावे. स्वस्तातले नकली कार्ड असेल तर संशय आधी त्याच्यावरच घ्यावा. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेल्या ८-बिट नक्कल यंत्रांत असा सेलच नसे, त्यामुळे हा प्रश्नही नसे.

दोष नसतानाही घड्याळ चुकण्याचे एक कारण आपल्या घरातच आहे. खेळून झाल्यावर भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करायची सवय. प्लेस्टेशन २ स्टँडबायमध्ये असताना घड्याळाला मुख्य वीज मिळते. बोर्डावरून बंद केल्यावर सगळा भार सेलवर येतो. पहिल्या एक्सबॉक्सचे (२००१) तर आणखी निराळे. त्यात सेलच नाही, एक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) आहे आणि तो प्लग काढल्यावर काही तासच घड्याळ चालवतो. भाषेसारख्या सेटिंग वेगळ्या चिपवर असल्याने त्या राहतात. तेव्हा बटण बंद करून झोपले आणि सकाळी घड्याळ चुकले, तर त्यात बिघाड काही नाही. हा कपॅसिटर मात्र जुना झाला की गळतो आणि त्यातला द्रव यंत्राच्या सर्किट बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातो. शेवटची आवृत्ती सोडली तर तो उपटून टाकणेच बरे. घड्याळ जाईल, यंत्र वाचेल.

प्लेस्टेशन २ च्या जाड मॉडेलचे स्क्रू खालच्या बाजूला छोट्या टोपणांखाली लपलेले असतात. सेल काही मॉडेलांत खोबणीत, तर काहींत वायरीच्या टोकाला असतो. खरी जोखीम सेलची नाहीच. पुढच्या बटणांकडे जाणारी कागदासारखी चपटी पट्टी झाकण झटक्याने उचलताना फाटते आणि पाचपन्नास रुपयांचे काम अंगाशी येते. झाकण सावकाश उचलावे.

ड्रीमकास्टबाबत एक पथ्य. त्यातला सेल एमएल२०३२, म्हणजे पुन्हा भारित (चार्ज) होणारा असतो आणि सोल्डरने जोडलेला असतो. सीआर२०३२ दिसायला अगदी तसाच. पण भारित करणारे सर्किट तसेच ठेवून तो बसवला तर फुगण्या-फुटण्याचा धोका असतो. एमएल२०३२ मिळत नसेल, तर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकून भारण अडवल्याशिवाय सीआर लावू नये. ‘त्यात काय, सगळे सेल सारखेच’ म्हणणाऱ्या दुकानदाराचे इथे ऐकू नये.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात सेलच्या पत्र्यांवर पांढरट-हिरवा थर धरतो. नवा सेल टाकूनही तारीख टिकत नसेल, तर पत्रे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरात घरे बुडाली, तेव्हा सापडलेल्या यंत्रांची गोष्ट याहून कठीण. प्लग काढलेला असला तरी सेल ओल्या बोर्डात प्रवाह सोडत राहतो आणि त्याच्या आसपास गंज झपाट्याने वाढतो. अशा यंत्रात वाळवण्याच्या आधी सेल बाहेर काढावा आणि सेटिंग गेल्या तर जाऊ द्याव्यात.