‘स्पेस माउंटन’ खरंच इतकी वेगवान आहे का?

गणपतीत अमेरिकेतले पाहुणे कोकणात आले की फ्लोरिडातल्या डिस्नीच्या ‘स्पेस माउंटन’ या बंदिस्त रोलर कोस्टरची गोष्ट निघते. ‘काळोखात ताशी सव्वाशेच्या वेगाने पळते, डोकं खाली, पाय वर अशी उलटीसुद्धा होते.’ रत्नागिरीपासून मालवणपर्यंत वर्षानुवर्षं हे असंच सांगितलं जातं.

हे खरं नाही. १९७५ साली सुरू झालेल्या या रोलर कोस्टरचा सर्वाधिक वेग ताशी सुमारे ४५ किलोमीटर आहे. हायवेवर आपली एसटी याहून जोरात जाते. आणि ही राइड एकदाही उलटी होत नाही.

मग छातीत धडधडतं का? आपला अंतर्कर्ण वेग मोजत नाही, वेगातला आणि दिशेतला बदल टिपतो. उजेडात डोळे पुढचं वळण आधीच पाहतात आणि अंग सावरून घेतं. इथे वळण दिसतच नाही, त्यामुळे प्रत्येक झटका बेसावध गाठतो. शिवाय एकामागे एक बसायचं, अंगावर वारा, आजूबाजूला सरकणारे तारे. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात, साडेसहा किलोमीटरच्या त्या अंधारात, दाराशी उभं राहिलं की गाडी अचानक सुसाट सुटल्यासारखी वाटते, तसंच.

माझ्या मते पन्नास वर्षं लोक रांगा लावतात ते या रचनेमुळेच. नुसत्या वेगात तिला मागे टाकणारे कोस्टर कितीतरी झाले.

उलटं होण्याची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. १९९५ साली पॅरिसच्या डिस्नीत याच नावाची राइड सुरू झाली. ती खरोखर उलटी होते.